कोचसाहेबांच्या अक्षरात

पिकेट्स क्रॉसिंग, अलाबामा
६ सप्टेंबर १९८७

नेडीन,

तू आतल्या गाठीची आहेस हे मला तू फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून ठाऊक आहे. पण इतकी? अगं, डनलॅप स्टेट कॉलेजच्या फुटबॉल ऑफिसात कोचच्या दारासमोर एकोणीस वर्षं टाइपरायटर बडवत बसली आहेस, आणि तुझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या पोराला खुद्द कोच रॅन्सम पत्र लिहितात हे मला पोस्टमनकडून कळावं?

मंगळवारी आलं. मी शाळेच्या कॅन्टीनमधून नुकतीच आले होते, अंगाला सगळा वाटाण्यांचा वास. बघते तर निळ्या शाईत, हाताने लिहिलेलं! तू मला कायम टाइप करून पाठवतेस, जशी काही मी विजेचं बिल आहे. एवढ्या मोठ्या माणसाला हाताने लिहायला वेळ आहे बघ.

काय लिहिलंय ऐक. “बेटा टोबी, चेंडू घेऊन पळणारा सगळ्यांना दिसतो. त्याला वाट कोण करून देतो ते मला दिसतं. पाय जमिनीला धरून ठेव, आणि रात्रीची भांडी आईच्या आधी तू उचल.” मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. चार वर्षं माझं पोर लाइनीत उभं राहून समोरच्या धटिंगणांना रेटतंय, वाट करतंय, आणि टाळ्या कोणाला? तर मागून चेंडू घेऊन पळणाऱ्या त्या लव्हेलला. लव्हेल गुणी आहे, मी नाही म्हणत नाही. पण कोणीतरी एकदा माझ्या टोबीकडे बघावं एवढंच मला हवं होतं.

पत्र फ्रेम करून घेतलं. येशूच्या तसबिरीशेजारी लावलंय. दुसरं पत्र काल आलं ते हॉयटच्या शर्टाच्या खिशात असतं, बापाचा जीव! न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर, जिथे ट्रक थांबेल तिथे काढून दाखवतो.

बेलिस कॉलेजचे कोच टेटमही येऊन गेले. बेलिस म्हणजे पाचशे पोरं आणि एक पाण्याची टाकी. भला माणूस आहे, कॅटफिश चार वेळा मागून घेतला. टोबीची फी, खोली, जेवण सगळं द्यायला तयार आहेत. पण डनलॅप दारात आल्यावर बेलिसला कोण विचारतं?

स्कॉलरशिपशिवाय काही खरं नाही, हे तुला माहीत आहेच. नाहीतर जूनपासून पोरगा बापाच्या ट्रकवर ओंडके चढवणार. तर आता खरं सांग, कोच त्याच्याबद्दल काय म्हणतात? शब्द टाक असं मी म्हणत नाही. पण टाकलास तर हात काही झडणार नाहीत.

झेल्मा

डनलॅप
१५ सप्टेंबर १९८७

झेल्माताई,

तुझं पत्र वाचून हसले, मग गप्प झाले, मग परत हसले. फ्रेम? खरंच फ्रेम केलंस?

टोबीचं नाव यादीत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ताई, यादी फार मोठी असते. कोच पुष्कळ पोरांना लिहितात. यादीत नाव असणं वेगळं आणि ताटात पडणं वेगळं. फेब्रुवारीत पोरं कॉलेजांच्या कागदांवर सह्या करतात, त्या सह्यांच्या दिवशी पंचवीसच घेतात, आणि त्यातल्या वीस जणांची नावं कोचांच्या डोक्यात आत्ताच पक्की असतात.

म्हणून हात जोडून सांगते, त्या टेटमना दार बंद करू नका. चार वेळा मागून जेवणारा माणूस वाईट नसतो. पाण्याच्या टाकीला हसू नकोस, तिच्याखालीही पोरं शिकतात.

माझं मनगट फार दुखतंय, पट्टा बांधलाय. म्हणून इतकंच. टाइप करते म्हणून रागावू नकोस. हॉयटला सांग, पत्र खिशात घामाने विरघळेल, घरी ठेव.

तुझी
नेडीन

पिकेट्स क्रॉसिंग
४ ऑक्टोबर १९८७

कोच रॅन्सम साहेब,

तुमची पाचही पत्रं मिळाली. मला पत्र लिहायची सवय नाही. हे मी तीन वेळा फाडून लिहिलं.

तुम्ही विचारलंत की भीती कशाची वाटते. शुक्रवारी मैदानात समोर जो उभा असतो त्याची वाटत नाही. पण शाळा संपली की मला कोणी काही विचारणारच नाही, अशी वाटते. लव्हेलला विचारतील. तो पळतो.

अजून एक गोष्ट आहे, घरी बोललेलो नाही. मला बाबांच्या ट्रकवर जायला आवडतं, पण झाडं तोडायला नाही. कुठलं झाड किती वर्षांचं, कुठलं ठेवायचं, कुठे नवीन लावायचं, ते मला कळतं असं वाटतं. त्याचंही शिक्षण असतं म्हणे. बाबांना सांगितलं तर त्यांना वाटेल मी त्यांच्या कामाला नावं ठेवतोय.

भांडी रोज उचलतो.

टोबी प्रुइट, जर्सी ६४

डनलॅप
९ ऑक्टोबर १९८७

बेटा टोबी,

तीन वेळा फाडून लिहिलेलं पत्र मी तीन वेळा वाचलं.

जंगलाचं शिक्षण असतं, नक्की असतं. आमच्याकडे नाही, हे मीच सांगून टाकतो. तुझ्या घरी जो कोणी कोच जेवायला येईल त्याला सरळ विचार, तुमच्याकडे हे शिकवतात का? उत्तर देताना जो घड्याळाकडे बघेल त्याला जाऊ दे, मग त्याची टोपी कितीही मोठी असो. आणि वडिलांना सांगून टाक. आयुष्यभर झाडांत राहिलेल्या माणसाला मुलाने झाडांचंच शिकावं याचा राग येत नाही.

खेळाचं म्हणशील, तर तू उंच उभा राहतोस. माझे आजोबा म्हणायचे, अडून उभ्या राहिलेल्या खेचराला पुढून ओढू नये, मागून ढकलू नये. खांदा त्याच्या पोटाखाली घालावा आणि मग गोड बोलावं. समोरच्याच्या खाली शीर.

तुझा
कोच रॅन्सम

पिकेट्स क्रॉसिंग
१ नोव्हेंबर १९८७

नेडीन,

कोच रॅन्सम आले होते! शुक्रवारच्या मॅचला! तू कळवलं नाहीस ते नाहीस, जाऊ दे, आता मी तुझ्याकडून अपेक्षाच ठेवत नाही.

कुंपणापाशी उभे होते, निळा कोट, काय रुबाब! मॅच संपल्यावर पोरांमधून चालत गेले आणि माझ्या टोबीचा हात हातात घेतला. मी वरच्या बाकांवरून बघत होते. दोघं काहीतरी बोलले. मग ते लव्हेलकडे गेले. हॉयटने माझा दंड इतका दाबला की अजून काळा-निळा आहे.

टोबी घरी येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. भरून आलं असणार. मीही छेडलं नाही. जेवला, भांडी घासली, झोपला.

आणि एक गंमत सांगते. टोबी सांगत होता, कोचच्या आजोबांकडेही खेचर होतं! आणि तेही आपल्या आजोबांसारखंच म्हणायचे, खांदा पोटाखाली घाला म्हणून. जग किती लहान आहे बघ. मी टोबीला म्हटलं, थोर माणसं सगळी सारखीच असतात.

तुझं मनगट कसं आहे? एरंडेल चोळ.

झेल्मा

पिकेट्स क्रॉसिंग
८ नोव्हेंबर १९८७

कोचसाहेब,

समोरच्याच्या खाली शिरलो. चालतंय. शुक्रवारी लव्हेलने दोनशे यार्ड काढले.

बाबांना झाडांचं सांगितलं. त्यांनी ट्रकची किल्ली उचलली. मग म्हणाले, चल, आणि मला ट्रकमधून नदीकाठची एक जुनी पाइनची राई दाखवायला घेऊन गेले.

एक विचारायचं होतं. तुमच्या आजोबांच्या त्या खेचराचं नाव काय होतं?

टोबी

डनलॅप
१२ नोव्हेंबर १९८७

बेटा टोबी,

शाबास! आणि वडिलांनाही शाबास सांग.

खेचराचं नाव होतं सेनेटर. कारण खायला पहिला, कामाला शेवटचा, आणि समोर कोणी आलं की दात दाखवायचा.

कोच रॅन्सम

पिकेट्स क्रॉसिंग
१३ डिसेंबर १९८७

नेडीन,

तुला काळजी होती ना, की आम्ही दोन्ही दगडांवर पाय ठेवावा? तर ती मिटली.

काल बेलिसचे टेटम चौथ्यांदा आले. टोबीने त्यांना घरात बसूच दिलं नाही, ओसरीवर घेऊन गेला. अर्धा तास दोघं थंडीत बोलत होते. मी नारळाचा केक कापून ठेवला होता, तो माणूस केक न खाताच गेला. जाताना टोपी काढून मला म्हणाला, “बाई, पोराला छान वाढवलंत.” मला फार कसंतरी झालं. मी टोबीला विचारलं, काय सांगितलंस रे त्यांना? तर म्हणाला, “आता त्यांना परत यायची गरज नाही, आई.” संपलं. पोरगं माझं, एक घाव दोन तुकडे करतं.

तेव्हा आता सगळा भार डनलॅपवर. कोचची पत्रं दर आठवड्याला येतात, सोळा झाली. मी निळ्या-पांढऱ्या लोकरीची टोपी विणायला घेतली आहे. सह्यांच्या दिवशी जिममध्ये टेबलावर टोप्या मांडतात, पोराने आपल्या कॉलेजची उचलून डोक्यावर घालायची. लव्हेलपुढे तीन असतील. माझ्या टोबीपुढे एकच असेल, पण आईने विणलेली.

ते कोणाला सह्यांचे कागद पाठवतात, ते कधी कळतं? नाताळपर्यंत?

झेल्मा

डनलॅप
२० जानेवारी १९८८

झेल्माताई,

तुझी तीन पत्रं समोर पडली आहेत आणि नाताळपासून मी एकालाही उत्तर दिलेलं नाही. हे पत्र हाताने लिहितेय. नीट बघ. अक्षर ओळखीचं वाटतंय?

ती पत्रं मी लिहिली, ताई. सगळी. कोच रॅन्सम दरसाल अडीचशे पोरांना “स्वतःच्या हाताने” लिहितात, आणि तो हात माझा असतो. मी इथे आले तेव्हा त्यांचं अक्षर गिरवायला शिकले. आता तेच माझ्यासारखं अक्षर काढतात. तुला कायम टाइप करून लिहायचे त्याचं कारण हेच. ऑफिसाबाहेर हे कोणाला सांगायचं नाही असा इथला रिवाज आहे.

ठरलेला मजकूर चारच ओळींचा असतो. ऑगस्टमध्ये यादीत टोबीचं नाव दिसलं. लव्हेलची फिल्म बघताना कोणीतरी शेजारच्या ६४ नंबरवरही खूण केली होती, एवढंच. मला राहवलं नाही. चार ओळींच्या जागी पानभर लिहिलं. मग त्याने उत्तर पाठवलं, आणि इतकं सुंदर पाठवलं की मी परत लिहिलं. तुला सांगायला हवं होतं, पहिल्याच पत्रात. तू फ्रेम केलंस म्हणालीस आणि मी मनगटाचं निमित्त करून पत्र आवरलं.

तुझं डिसेंबरचं पत्र आल्यावर मी कोचांच्या टेबलावर टोबीची फिल्म ठेवली, त्याची पत्रं ठेवली. म्हटलं, हा पोरगा घ्या, माझ्या एकोणीस वर्षांसाठी घ्या. ते वाईट नाहीत गं. त्यांनी विचारलं, “कोण प्रुइट?” पंचवीस जागा भरल्यात. लव्हेलचे कागद गेले. टोबीचे येणार नाहीत.

माझ्यामुळे त्याने बेलिसला नाही म्हटलं. मी लाडाने लिहीत गेले आणि त्याची हातातली जागा घालवली. टेटमना फोन कर, ताई. सगळं माझ्यावर ढकल. मला शिव्या घाल, पण फोन कर.

नेडीन

पिकेट्स क्रॉसिंग
२५ जानेवारी १९८८

नेडीन,

फ्रेम काढली. भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. हॉयटला आणि टोबीला अजून सांगितलेलं नाही, कारण कसं सांगायचं ते मला कळत नाही. तो मघाशी भांडी घासत शीळ घालत होता.

पोटच्या पोराला कोणी फसवलं तर मी त्याचं काय करेन ते तुला माहीत आहे. ते तूच असशील असं वाटलं नव्हतं. मला लिहू नकोस.

झेल्मा प्रुइट

पिकेट्स क्रॉसिंग
११ फेब्रुवारी १९८८

नेडीनमावशी,

आई तुला लिहिणार नाही असं म्हणते, म्हणून मी लिहितोय. आधी काल काय झालं ते सांगतो, कारण तू काळजीत असशील.

जिम भरलं होतं. लव्हेलपुढे तीन कोऱ्या टोप्या. त्याने डनलॅपची घातली, सगळे ओरडले. मग माझ्या कानात म्हणाला, “तिकडे मला वाट कोण करून देणार रे?” माझ्यापुढे एकच टोपी होती. बेलिसकडे नवी टोपी शिल्लक नव्हती म्हणून कोच टेटमनी स्वतःच्या डोक्यावरची काढून दिली. घामाचा वास येतो आणि कानांपर्यंत खाली येते. मी ती घातली आणि सही केली. बेलिसला जंगलाचं शिकवतात, मावशी. त्यांची स्वतःची चाळीस एकर पाइन आहे. हे मी टेटमना दुसऱ्यांदा आले तेव्हा विचारलं होतं. ते घड्याळाकडे न बघता एक तास बोलले, कॅटफिश गार झाला.

डिसेंबरमध्ये ओसरीवर मी त्यांना नाही म्हटलं नव्हतं, हो म्हटलं होतं. म्हणून त्यांना परत यायची गरज नव्हती. घरी एवढ्यात सांगू नका म्हणून त्यांच्याकडून शब्द घेतला.

आईला हे कळलं कसं माहीत आहे? तुझं पत्र आल्यावर तिने शाळेच्या ऑफिसातून टेटमना फोन लावला. आमची आई, जिने कधी कोणाकडे वाटीभर साखर मागितली नाही. म्हणाली, साहेब, माझ्या पोराला परत घ्या, चूक आमची आहे. टेटम म्हणाले, “परत कुठून घेऊ बाई? तो माझाच आहे, दीड महिना झाला.” ती फोन ठेवून कॅन्टीनच्या कोठारात जाऊन बसली. मग घरी येऊन मला आधी मारलं आणि मग मिठी मारली.

आता तुझं. मला ऑक्टोबरपासून माहीत होतं. कोच रॅन्सम मॅचला आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “छान खेळलास, बेटा. तू कुठल्या जागेवर खेळतोस?” त्यांची दहा पत्रं माझ्या कपाटात होती. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. मी त्या रात्री झोपलो नाही. वाटलं, सगळी पत्रं जाळावीत. मग परत वाचली. त्यात ते खेचर होतं. आई मला लहानपणापासून तेच सांगते, आणि खेचराचं नावही सांगते. म्हणून तुला विचारलं. तू लिहिलंस, सेनेटर. मी खो-खो हसलो, मावशी. मग थोडा रडलो पण.

आई-बाबांना सांगितलं नाही, कारण बाबा ते पत्र पेट्रोल पंपावर दाखवत होते आणि आई टोपी विणत होती. वाटलं, त्यांना एक हिवाळा आनंदात जाऊ दे. आणि सांगितलं असतं तर तुझी पत्रं थांबली असती. मला ती थांबायला नको होती. भीती कशाची वाटते हे मला आजवर दुसऱ्या कोणीच विचारलेलं नाही.

बाबांना काल सगळं सांगितलं. ते पत्र अजून त्यांच्या खिशातच आहे. म्हणाले, “सही खोटी असेल. लिहिलंय ते कुठे खोटं आहे?”

आईने हे खोकं भरलंय. निळी टोपी तुझ्यासाठी, तिचा इकडे आता उपयोग नाही. डब्यात नारळाचा केक आहे. ती म्हणते, रिकामा डबा पोस्टाने परत पाठवायचा नाही, स्वतः आणून द्यायचा. बोलत नाही म्हणते, पण तू येणार म्हणून वरच्या खोलीतल्या चादरी बदलून ठेवल्या आहेत.

मी ऑगस्टमध्ये बेलिसला जाईन. तिथे मला पत्र लिहिशील ना? टाइप करू नकोस, हातानेच लिही. आणि खाली सही मात्र तुझी कर.

टोबी